मैदानात घातलेले बांध

भात कापून झालं की माझे हात शिवशिवतात. कुणाला तरी मारावंसं वाटतं. हे असं सरळ लिहिलं की लोक दचकतात, कारण मी विरारच्या एका शाळेत गणित शिकवते, चष्मा लावते आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी बोलते. पण दिवाळी सरते, गावाहून वहिनी नव्या तांदळाची पिशवी पाठवते, ती उघडताना पेंढ्याचा कोरडा, घसा खवखवणारा वास येतो आणि माझं डोकं तापायला लागतं. या वासाने कुणाला सुगी आठवत असेल. मला फुटबॉल आठवतो, आणि फुटबॉलपाठोपाठ फुटलेली तोंडं.

आमचं गाव विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमध्ये दडलेलं. हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांना लागून. गावाला मैदान नव्हतं आणि तरीही होतं. पावसाळ्यात तिथे भाताची खाचरं असत, ज्याचं त्याचं खाचर वेगळं, मध्ये गुडघाभर उंचीचे बांध. कापणी झाली की हे बांध फोडायचे, धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून रूळ फिरवायचा आणि फक्की मारून रेषा आखायच्या. गोलचे खांब सुरूच्या लाकडाचे, त्यांच्या मागे अर्नाळ्याच्या कोळ्यांनी टाकून दिलेलं जाळं. उन्हाळा संपत आला की खांब काढून परत बांध घालायचे.

या बांधांचा आमच्याकडे एक नियम होता. बांध एकट्याने घालायचा नाही आणि एकट्याने फोडायचा नाही. दोन्ही खाचरांचे मालक यायला हवेत. एकाने या बाजूने माती ओढायची, दुसऱ्याने त्या बाजूने. दोरी नाही, टेप नाही. दोघांच्या नजरेला पटलं की झाला बांध. एखाद्या वर्षी तो वीतभर इकडे सरके, पुढच्या वर्षी तिकडे, आणि त्यावरून कुणी कधी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. तोंड उघडायला फुटबॉल होता.

माझा मोठा भाऊ मधुदादा आमच्या क्लबचा गोली. त्याच्या पुढे स्टॉपरला पास्कू, दादाचा बालपणापासूनचा दोस्त आणि आमच्या खाचराचा शेजारी. उत्तरेकडचा गोल आणि त्याच्या समोरची जागा म्हणजे आमचं आणि पास्कूचं खाचर मिळून. दोघे उभे राहत ते आपापल्या जमिनीवर, त्यामुळे त्यांच्या अंगात एक वेगळीच मस्ती असायची. पास्कू ज्याला आडवा करी तो लगेच उठत नसे. दादा पुढच्याच्या पायावर असा झेपावे की वहिनी दुसरीकडे बघे. एकदा त्याची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तर त्याने मूठभर धूळ त्यावर दाबली आणि परत खांबांमध्ये जाऊन उभा राहिला. मी तेव्हा नववीत होते. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की मी शेजारी उभ्या असलेल्या परगावच्या पोरीला कारण नसताना ढकलून दिलं.

अर्नाळ्याची टीम टेम्पोतून यायची. निम्मा टेम्पो खेळाडूंचा, निम्मा भांडायला आणलेल्यांचा. आम्हीही काही अक्षता घेऊन उभे नसायचो. एका वर्षी रेफ्रीची सायकल विहिरीत गेली. एका वर्षी पास्कूचे पुढचे दोन दात पडले आणि त्याने ते खिशात टाकून उरलेला सामना खेळून काढला. मी स्वतः रेफ्रीला करवंटी मारली आहे, आणि नेम चुकला नव्हता. पण ती मारामारी त्या दिवसापुरती असे. सूर्य खाली गेला की ज्याने मारलं तोच जखमेला हळद आणून देई. दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या बाजारात तीच माणसं आम्हाला पापलेट जरा मोठं निवडून देत. मार खाणं आणि मार देणं हा आमच्याकडे ओळख ठेवण्याचाच एक प्रकार होता.

माझ्या नवऱ्याला हे कधी कळलं नाही. तो सिंधुदुर्गाकडचा, नोकरीला मुंबईत, आणि फुटबॉल बघतो तो टीव्हीवर. परदेशातला एक क्लब त्याने धरला होता, तो हरायला लागल्यावर त्याने दुसरा धरला. मी म्हटलं, असं करता येत नाही. तो हसून म्हणाला की चांगला चालवत नसतील तर कशाला चिकटून राहायचं. त्याला कसं सांगू? नवरा एक वेळ बदलता येतो, क्लब बदलता येत नाही. क्लब म्हणजे घरातला दारुडा काका. त्याला शिव्या घालाल, कोंडून ठेवाल, पण शेजारच्यांचा काका आपला म्हणून आणता येतो का?

आमचा क्लब बिघडला तोही घरच्याच माणसामुळे. अध्यक्ष मूळचा गावातलाच. हायवेच्या पलीकडे कामणला गोदामं बांधली, त्यात त्याचं बरं झालं आणि एका हंगामात तो पांढऱ्या गाडीतून मैदानाच्या कडेला येऊन उतरला. सगळ्या खेळाडूंना नवे बूट दिले. आम्ही टाळ्या वाजवून त्याला अध्यक्ष केलं, मीही वाजवल्या. पुढच्या वर्षी आमचे हिरवे शर्ट गेले आणि त्याच्या गोदामाच्या पाटीचा भगभगीत नारिंगी रंग आला. त्यानंतर बाहेरून विकतचे खेळाडू आले. ते सामन्याच्या आधी गाडीतून उतरत, सामना झाला की गाडीत बसत, आणि गावचे जवान गडी बाकावर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. वार्षिक सभा आधी पुढे ढकलली गेली, मग कुणी तिचं नाव काढेनासं झालं. मैदानाच्या चांगल्या बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला दोरीच्या पलीकडे, गोलच्या मागे उभं केलं. एकदा तोंडावर विचारलं तेव्हा अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाला की क्लब आता प्रोफेशनल व्हायला पाहिजे. त्या शब्दावर मला जी चीड आली ती अजून उतरलेली नाही.

मधुदादा तेव्हा खेळायचा थांबला होता आणि टीमला शिकवत होता. त्याला काढल्याचं त्याला मोबाइलवरच्या निरोपातून कळलं. तेव्हा तो मैदानावर पाणी मारत होता. त्याने निरोप वाचला, फोन खिशात टाकला आणि पाइप परत उचलला. वहिनी रडली, मी अध्यक्षाच्या नावाने खडे फोडले, पण दादा एवढंच म्हणाला की मैदान तर तयार करायलाच पाहिजे, उद्या कुणाचा तरी पाय मुरगळेल.

त्या हंगामात आम्ही जे झालो ते मला आठवलं की अंगावर काटा येतो. आम्ही आपल्याच क्लबच्या विरुद्ध ओरडायला लागलो. विरलेले हिरवे शर्ट पेटीतून काढून घातले आणि नारिंगीवाल्यांनी गोल केला की त्यांना आईबहिणीवरून शिव्या. अर्नाळ्याने गोल केला की आमच्या बाजूला शिट्ट्या. अर्नाळेकर बिचारे गोंधळले, त्यांना भांडायला कुणी उरेना. आपल्या माणसाला हरताना पाहून मिळणारा आनंद फार वाईट असतो. तो उतरत नाही, रोज जास्त लागतो. घरी येऊन मी भांडी आपटे आणि नवरा विचारी की आज तर तुम्हाला हवं तेच झालं ना.

उपांत्य सामन्यात अध्यक्षाने कामणहून बाउन्सर आणले. काळे शर्ट घातलेले, फुगलेल्या दंडांचे. पास्कू गोलच्या मागे उभा राहून ओरडत होता, त्याला त्यांनी कॉलरला धरून ओढत बाहेर काढलं. त्याचा हिरवा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत टर्रकन फाटला. ज्याने त्या गोलपुढे दात पाडून घेतले होते त्याला स्वतःच्या खाचरातून फरफटत नेलं. पडलेली चप्पल पास्कूने शोधून पायात घातली. मग आम्ही सगळे जमलो होतो तिथे येऊन तो म्हणाला, "क्लब त्याचा आसंल. जमीन आपली हाय. बांध घालू या."

सगळे एकदम हो म्हणाले, मी तर सगळ्यांच्या आधी. दादा एकटा नाही म्हणाला. "रागात घातलेला बांध फुटत नाय रे," तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्याला क्लबने काढून टाकलं तोच क्लबची बाजू घेतो, असं कुणीतरी मागून पुटपुटलं, आणि ते ऐकून दादाची मान खाली गेली.

अंतिम सामन्याच्या सकाळी पाहुण्यांच्या गाड्या यायच्या आधीच गाव कुदळी-फावडी घेऊन उतरलं. काय सकाळ होती ती. हिवाळ्यातली वाळलेली जमीन, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येत. बांध ओल्या मातीचे असतात, आम्ही ते सुक्या ढेकळांचे रचत होतो, आणि बांध उन्हाळा संपताना घालतात हे माहीत असूनही कुणी थांबलं नाही. जो तो आपल्या कोपऱ्यापासून सुटला. शेजाऱ्याला हाक मारायला, थांबायला, समोरासमोर उभं राहायला कुणाला सवड नव्हती. बघता बघता फक्कीच्या रेषा मातीखाली गेल्या. मधलं वर्तुळ चार घरांनी वाटून घेतलं.

मग अध्यक्ष आला आणि बाउन्सर धावले. त्यांना वाटलं शेतकरी माणसं, दोन दंडुके दाखवले की पळतील. पहिलं ढेकूळ कुणी मारलं ते माहीत नाही, पण नंतर आभाळातून ढेकळंच पडत होती. मंडपाचे बांबू उपटले गेले, पाहुण्यांच्या खुर्च्या मोडून त्यांचे पाय हातात आले. एका बाउन्सरला तिघी बायकांनी कडेच्या केळीच्या पाल्यात पाडला आणि त्याच्या छातीवर बसल्या. अध्यक्षाच्या कपाळातून रक्त आलं आणि ते त्याच्या पांढऱ्या शर्टवर उतरलं. माझ्या हातचं एक ढेकूळ एका काळ्या शर्टवाल्याच्या कानावर फुटलं, तो कान धरून खाली बसला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. विकतचे खेळाडू गाडीत बसून काचा वर करून बघत होते. आम्ही जिंकलो. गाड्या फिरल्या, धूळ उडाली आणि गाव नाचलं.

नाच थांबला तो पास्कूच्या आणि आमच्या खाचराशी. पास्कूने आपला बांध घालून टाकला होता, एकट्याने, आणि तो आमच्या बाजूला चांगला हातभर आत आला होता. दादा सकाळपासून बांधाला हात न लावता उभा होता. तो म्हणाला की पास्कू, हा जरा आत आलाय. पास्कूच्या अंगातली मारामारी अजून उतरली नव्हती. तो म्हणाला की इतकी वर्षं तुम्हीच आत होता. बस, एवढंच. दादाने कधी नव्हे ते कुदळ उचलली आणि आपला बांध पास्कूच्या खाचरात घालायला घेतला. आता दोन बांध होते आणि मध्ये एक पट्टी होती जी दोघेही आपली म्हणत होते.

मी शेजारी उभी होते, तरी कुणी आधी ढकललं ते सांगू शकत नाही. त्या भांडणात आवाज नव्हता. बाउन्सरांशी भांडताना आम्ही किंचाळत होतो, इथे फक्त श्वास ऐकू येत होते. दोघे एकमेकांना ओळखत होते ना, कुठे मारलं की लागतं ते दोघांना ठाऊक होतं. पास्कूने फावडं फिरवलं, त्याचं पातं दादाच्या नडगीवर बसलं आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दादा त्या पट्टीत बसला आणि आपल्या पायाकडे बघत राहिला, कारण तो पाय भलत्याच जागी वाकला होता.

विरारच्या दवाखान्यात पायात सळी घातली. पोलीस आले तेव्हा दादाने सांगितलं की बांधावरून घसरलो. पास्कूच्या घरून कुणी आलं नाही. त्या नाताळात त्यांच्याकडचा फराळ आला नाही, आणि पुढच्या दिवाळीत आमच्याकडचा गेला नाही. इतर खाचरांतही तेच, कुठे डोकं फुटलं, कुठे नुसतं बोलणं थांबलं. एकट्याने घातलेला बांध कुणालाच पटेना. मग बाकीच्या सगळ्यांनी सिमेंटचे खांब पुरले आणि काटेरी तारा ओढल्या.

आणि अध्यक्ष? त्याने कामणला गोदामांच्या मागे प्लास्टिकच्या गवताचं मैदान केलं, दिवे लावले आणि क्लब तिकडे नेला. कागदोपत्री क्लब त्याचाच होता. आमचा धूळभरला तुकडा त्याला नकोच होता, तो सोडायला निमित्त हवं होतं, ते आम्ही कुदळी-फावडी घेऊन भल्या सकाळी नेऊन दिलं. असं म्हणतात की राग येतो तेव्हा माणूस आंधळा होतो. मला नाही पटत. आम्हाला त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसत होतं, अध्यक्ष, बाउन्सर, खुर्च्या. फक्त आपल्या शेजारी कोण उभा आहे तेवढं कुणी बघितलं नाही.

लोक मला सांगतात की सोड आता. शाळेतल्या बाई सांगतात, नवरा सांगतो. मी तो राग घेऊन जाऊ कुठे? पूर्वी त्याला जागा होती. कापणी झाली की चार महिने तो मोकळा सोडता येई, ओरडता येई, करवंटी फेकता येई, आणि संध्याकाळी रिकामं होऊन घरी जाता येई. आता तो माझ्याबरोबर वर्गात येतो. एखादा विद्यार्थी वर्गमूळ चुकतो आणि माझा आवाज असा चढतो की शेजारचा वर्ग गप्प होतो.

या वर्षी वहिनीने तांदूळ पाठवला तेव्हा मी पिशवी उघडलीच नाही, सरळ गावाला गेले. खाचरं कापून झाली होती. दादाच्या आणि पास्कूच्या खाचरांमध्ये तारा नाहीत, ते दोन बांध तेवढे आहेत, आणि मधली पट्टी दोघांनीही सोडून दिलेली. तिथे कुणी पेरत नाही. कमरेइतकं तण माजलं होतं. ज्यासाठी माझ्या भावाचा पाय मोडला त्या जागेत मला गवत दिसलं आणि माझ्या डोक्याची शीर तडकली. मी गोठ्यातून कुदळ घेतली आणि आमच्या बांधावर घातली. एक घाव अध्यक्षाच्या नावाने, एक त्या काळ्या शर्टांच्या, एक पास्कूच्या, एक दादाच्याही. माती उडून तोंडात जात होती आणि मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

पास्कू वाडीतून धावत आला. केळीचा घड उतरवता उतरवता आला असावा, हातात कोयता होता. म्हातारा झालाय आता. लांबूनच त्याने मला कुदळ टाकायला सांगितलं, एकट्याने बांधाला हात लावायचा नसतो हे विसरलीस का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हे तू मला सांगतोस? तो कोयता घेऊन पुढे आला आणि मी कुदळ उचलली. त्या क्षणी मी त्याला मारलं असतं. तेवढ्यात घराकडून दादा आला, काठी टेकत, एका बाजूला झुकत. या सगळ्या वर्षांत पास्कूने त्याला असं चालताना जवळून पाहिलं नव्हतं.

दादा पट्टीच्या अलीकडे थांबला, पास्कू पलीकडे. दोघांच्या मध्ये ते तण.

"पास्कू, खरं सांग," दादा म्हणाला. "आपला बांध कुठशी होता?"

पास्कूने पट्टीकडे पाहिलं, मग दादाच्या पायाकडे. "मला नाय म्हाईत," तो म्हणाला. "तवा बी नव्हतं म्हाईत."

"मला बी नव्हतं," दादा म्हणाला.

खरं सांगते, दोघांच्याही टाळक्यात कुदळ घालावीशी वाटली. पण पास्कूने कोयता बाजूला टाकला, माझ्या हातातून कुदळ ओढून घेतली आणि आपल्या बाजूने बांध फोडायला लागला. दादाला उभ्याने जमेना. तो खाली बसला आणि आपल्या बाजूची माती हातांनी ओढू लागला. मी तण उपटलं, हात कापले तरी उपटत राहिले. दुपारपर्यंत दोन्ही खाचरं एक झाली.

दोन खाचरांचं मैदान होत नाही. पुढे सगळीकडे तारा आहेत आणि क्लब कामणला आहे. एका गोलीला उडी मारता येईल, एवढी जागा तेवढी मोकळी झाली, आणि आमच्या गोलीला आता उडी मारता येत नाही.